तिकीट फाडलेली पानं

बातमी आली तेव्हा आम्ही ओढ्यातच होतो. रविवारची सकाळ होती आणि काकू अजून कशा आल्या नाहीत यावर चेष्टा चालली होती. शुक्रवारी छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण "ॲसिडिटी हाय, रविवारी येते, दांड्या मारू नका" असा त्यांचा मेसेज ग्रुपवर ऐकला होता आणि त्यात त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. माझ्या हातात घाणेरीचं एक जुनं खोड होतं, अर्धं जमिनीबाहेर आलेलं. बोरुडे मामांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, फोन खिशात ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि नुसते उभे राहिले… कुणाला काही विचारावं लागलं नाही.

त्यानंतर आमच्यासमोर जो प्रश्न आला तो बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. समोरचा काठ आम्ही मोकळा केला होता. घाणेरी निघाली होती, माती उघडी पडली होती आणि आभाळ भरून आलं होतं. उघडा काठ पावसात सोडून घरी जायचं नाही, हा काकूंचा नियम होता. वाळ्याचे ठोंब ओल्या पोत्यात तयार होते. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी मामाच म्हणाले, "एवढं लावून घेऊ. न्हाईतर ती आपल्याला शिव्या घालील." मग आम्ही खाली बसून ते ठोंब लावले. एक बाई रडत होत्या आणि रडता रडता मुळांवर माती दाबत होत्या. लावून झाल्यावर तसेच, चिखलाच्या पायांनी, काकूंच्या घरी गेलो. नंतर कॉलनीत बोललं गेलं की बाई तिकडं गेली आणि ही माणसं गवत लावत बसली होती. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. मला तोंडावर उत्तर देता येत नाही. म्हणून इथे लिहिते: होय, बसलो होतो. आणि तो काठ वाहून गेला नाही.

सुमनकाकू म्हणजे एसटीतल्या निवृत्त कंडक्टर. तिसगावच्या शेतकरी घरातली मुलगी, एसटी ड्रायव्हरची बायको. नवरा नोकरीत असतानाच गेला आणि अनुकंपेवर त्यांना कंडक्टरची नोकरी मिळाली. खाकीतली बाई गाडीत दिसली की तेव्हा लोक टकामका बघायचे, असं त्याच सांगायच्या. बघणाऱ्यांची त्यांना भीती नव्हती. तिसगावच्या बाजाराच्या दिवशी एकजण घोंगडीत करडू गुंडाळून पाथर्डी गाडीत बसला. काकूंनी तिकीट मागितलं तर म्हणाला, "बाई, लेकरू हाय." काकूंनी घोंगडीचं टोक उचलून बघितलं. "मग शाळंत घाल की लेकराला. दाढी आलीया त्याला." आणि दोघांनाही खाली उतरवलं. ही गोष्ट त्या दर दोन-तीन रविवारी सांगत आणि बोरुडे मामा, जे तेव्हा त्या गाडीचे ड्रायव्हर होते, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत.

केडगावात पुणे रस्त्याच्या मागच्या बाजूला आमच्या कॉलनीला खेटून एक ओढा जातो. त्याला नाव नाही. पावसाळ्यात तो ओढा असतो, उरलेले महिने लोक त्याला गटार म्हणतात, आणि तसं म्हणण्यासारखं पाणीही त्यात असतं. लहानपणापासून मी तो माझ्या खोलीच्या मागच्या खिडकीतून बघत आले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलतो, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की दोन्ही भाषा मला सोडून पळतात. पुण्यातल्या कंपनीने घरून काम करायला सांगितलं तेव्हा मी परत या खोलीत आले आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसून मधूनमधून खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर वेडी बाभूळ, घाणेरी आणि प्लास्टिकच्या पिशव्या, एवढंच होतं. मग एका सकाळी त्यात एक बाई दिसली. साडीवर पुरुषाचा फुल शर्ट, डोक्याला पंचा, हातात कुदळ. तिने वर बघितलं.

"ए खिडकी! रोज बघतीस. उतर की खाली."

मी पडदा ओढला. पुढच्या रविवारी तीच हाक. त्याच्या पुढच्या रविवारी मी उतरले, कारण पडदा ओढलेल्या खोलीत बसून ती हाक ऐकणं जास्त अवघड होतं. काकूंनी माझं नाव विचारलं, पण वापरलं कधीच नाही. मी शेवटपर्यंत खिडकी राहिले. "खिडकीला बसणारी मानसं मला आवडत्यात," त्या म्हणायच्या, "बोलत न्हाईत, पन थांबा कुठला आला ते त्यांना म्हाईत असतंय."

त्यांनी हे सगळं का सुरू केलं, असं मी एकदा विचारलं होतं. पर्यावरण वगैरे काही उत्तर येईल असं मला वाटलं असावं. त्यांनी लग्नाची गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलाच्या, नितीनदादाच्या लग्नात देवकासाठी पंचपालवी हवी होती… आंबा, उंबर, जांभूळ, रुई, शमी. काकूंच्या स्वतःच्या लग्नात तिसगावच्या ओढ्यावर वाजतगाजत जाऊन बायकांनी डहाळ्या आणल्या होत्या. इथे त्या एकट्याच पिशवी घेऊन ओढ्यात उतरल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत वेडी बाभूळ. शेवटी बाजारात फुलवाल्याकडून डहाळ्या आणल्या, पाणी मारून मारून ताज्या ठेवलेल्या. मांडवात बांधेपर्यंत उंबराची पानं मान टाकून बसली. "लेकाच्या लग्नात देव इकत आनला मी," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. फार वेळ नाही. लगेच त्यांनी मला हटकलं, "हात चालव. गोष्ट ऐकायला तिकीट काढलंस का?"

त्यांची पहिली मोठी चूकही त्या असंच उघडपणे सांगायच्या. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी ओळखीने जेसीबी आणला. नारळ फोडला, बकेटला हळदकुंकू वाहिलं. एका दिवसात काठावरची सगळी वेडी बाभूळ साफ. फोटो निघाले, कौतुक झालं. मग पाऊस आला आणि तासून ठेवलेला काठ सरळ पाण्यात उतरला. फरशी पुलाखाली गाळ अडकला आणि पाणी आमच्या गल्लीत शिरलं. दळवी काकांची नवीन कार दारापर्यंत चिखलात गेली. दिवाळीपर्यंत वेडी बाभूळ परत आली, तुटलेल्या बुंध्यातून, आधी एक खोड होतं तिथे पाच-सहा. काकू घरोघर गेल्या. "चूक माझी हाय. शिव्या घाला. पन एकदाच काय त्या घालून घ्या आन् रविवारी या." आमचा रविवारचा गट असा तयार झाला. अर्धे लोक शिव्या घालायला आले होते, ते राहिले.

त्यानंतर जेसीबी या शब्दालाही ओढ्यात बंदी होती. वेड्या बाभळीचा गड्डा हातानेच खणायचा, मुळाच्या मानेखालून. एका वेळी एका एसटीच्या लांबीएवढाच काठ मोकळा करायचा. "एक गाडी," असं आम्ही म्हणायचो. आज एक गाडी झाली, उद्या अर्धी गाडी राहिली. मोकळ्या जागेत वाळा आणि निर्गुंडी लावायची, माती धरून ठेवायला. बाकी काही लावायचं नाही, वाट बघायची. करंजाच्या शेंगा पाण्याबरोबर येतात, उंबर पाखरं आणून टाकतात. वृक्षारोपणाचे फोटो काढायला आलेल्या मंडळींना हे पटायचं नाही. खड्डा नाही, रोप नाही, मग पाहुण्यांनी करायचं काय? काकू त्यांना कुदळ द्यायच्या.

वाट बघण्यात एकच अडचण होती. आपोआप उगवलेलं रोप आणि तण यांत आम्हाला फरक कळायचा नाही. मला तर नाहीच, काकूंनाही पुष्कळदा नाही. मी फोनमधल्या ॲपने ओळखायचा प्रयत्न करायचे, ते करंजाला भलतंच काही म्हणायचं. काकू पान चुरगळून वास घ्यायच्या आणि त्याही चुकायच्या. एकदा आम्ही दोघींनी मिळून, एकमेकींची खात्री पटवून, जांभळाची सगळी पिल्लावळ उपटून टाकली होती. वरच्या वस्तीतल्या शेळ्या राखणाऱ्या आजींनी ते बघून कपाळावर हात मारला. दुसऱ्या रविवारी काकू कमरेला पंच लावून आल्या. मशीन यायच्या आधी कंडक्टर तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी पंच, दांडीवर आपटून टिक टिक करायचा तो. डेपोत जमा करायला हवा होता. "इसरले," त्या म्हणाल्या आणि डोळा मारला.

त्या दिवसापासून ओळख पटलेल्या प्रत्येक रोपाच्या एका पानाला काकू भोक पाडू लागल्या. भोक असलेलं रोप उपटायचं नाही. "ह्याचं तिकीट फाडलंय. ह्याला मधी उतरवायचं न्हाई." उंबराच्या पानाला भोक पाडलं की कडेने पांढरा चीक येतो, तो बोटाला चिकटतो. करंजाचं पान कसं स्वच्छ, गोल कापलं जातं. पान गळलं की तिकीट संपतं, मग नवीन पानाला भोक. त्याला काकू पास रिन्यू करणं म्हणायच्या. माणसांनाही त्या तसंच हाकायच्या. पंच दगडावर दोनदा वाजला की सगळे पुढच्या तुकड्याकडे सरकायचे. "पुढं चला, पुढं चला, दारात गर्दी करू नका." लांबून आलेल्यांना वाटायचं, ही बाई काय बोलतेय. पण वर्षागणिक जागा खरंच गर्दीची होत चालली होती. मागच्या वर्षी फरशी पुलाच्या वरच्या अंगाला पाणकोंबडी पिलं घेऊन फिरताना दिसली. काकूंनी तिच्याकडे बघून मान हलवली, नेहमीच्या प्रवाशाकडे बघून हलवावी तशी.

विरोध होताच. दळवी काकांना ओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग हवं होतं, आणि त्यांची बाजू अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्यांची कार बुडाली होती. एकदा ते काठावर येऊन म्हणाले, "सुमनबाई, झाडी वाढली की साप येतात."

"येनारच. त्यांचा रूट हाय ह्यो. तुमची कॉलनी हा नवीन थांबा हाय, दळवी साहेब. जुनी गाडी बंद करता येत न्हाई नवीन थांब्यासाठी."

"लहान पोरं आहेत घरात."

"मग पोरांना बॅटरी द्या हातात. आन् तुमी त्यो पालापाचोळा दारात टाकताय त्यो बंद करा, उंदीर हुतात. सापाला काय तुमचं तोंड बघायला यायचं नसतं."

दळवी काका रागावून गेले. पण पालापाचोळा टाकायचं त्यांनी बंद केलं, आणि काकूंच्या अंत्ययात्रेत ते शेवटपर्यंत चालले. हेही मी बघितलं आहे, म्हणून लिहिते.

त्या रविवारी, बातमी आल्यावर, पंच आता डोक्यावर गेलेल्या उंबराच्या फांदीला लटकत होता. काकू तो नेहमी तिथेच अडकवून जायच्या, चोरायला कोण येतंय म्हणून. कुणी त्याला हात लावेना. निघताना मी तो काढून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

दशक्रिया विधीला खूप लोक होते. डेपोतले, तिसगावचे, कॉलनीतले. पिंडाला कावळा लगेच शिवला, जराही वाट बघायला लावली नाही. "येळेवर सुटली गाडी," बोरुडे मामा हळूच म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. आमच्याकडे दशक्रियेला माईक असतो आणि श्रद्धांजलीची भाषणं असतात, हे वाचकांना सांगायला नको. भाऊ आले. भाऊ सध्या पदावर आहेत, की माजी आहेत, की होणार आहेत, हे मला नक्की सांगता येणार नाही; सगळे त्यांना भाऊच म्हणतात. ते चांगलं बोलले. सुमनताईंनी गटाराचं नंदनवन केलं, म्हणाले. आणि मग म्हणाले की ताईंच्या नावाने त्या काठावर भव्य स्मृती उद्यान होणार. जागा सपाट करून पेव्हिंग ब्लॉक, लॉन, कारंजं, शोभेची झाडं, प्रवेशाला कमान. "येत्या सोमवारी जेसीबी येईल. ही माझी ताईंना श्रद्धांजली."

लोकांत बरं वाटल्याची कुजबुज झाली. नितीनदादाने मुंडण केलेलं डोकं खाली घातलं आणि हात जोडले. मी आमच्या गटाकडे बघितलं. सगळे माझ्यासारखेच जमिनीकडे बघत होते. दशक्रियेत कोण भांडतं? त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की सोमवारी त्या बकेटखाली काय काय जाणार आहे. आम्ही केलेल्या सगळ्या गाड्या, एकामागून एक. आणि पुढच्या पावसात तो काठ परत गल्लीत येणार, या वेळी काकूंच्या नावाची पाटी घेऊन.

मी माईकपर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. मराठी नाही, इंग्रजी नाही. शेकडो लोक बघत होते. माझा हात पर्समध्ये होता, पंचावर. मी तो बाहेर काढला आणि माईकच्या दांडीवर आपटला. टिक टिक. तो आवाज कर्ण्यातून सगळीकडे गेला आणि डेपोतली म्हातारी माणसं एकदम सरळ झाली. मागून मामांचा आवाज आला, "बोल, खिडकी." मी म्हणाले, "काकूंनी एकदा जेसीबी आणला होता. ती चूक झाली असं त्यांनीच घरोघर जाऊन सांगितलं होतं. त्यांच्या नावाने तीच चूक परत करू नका. काठावर काही बांधू नका. आहे ते राहू द्या." एवढंच. शेवटचं वाक्य मी माईकपासून मागे सरकत बोलले, ते अर्ध्या लोकांना ऐकूही गेलं नसेल. भाऊंनी माईक घेतला, म्हणाले, "मुलीच्या भावना मी समजू शकतो," आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर चपला घालताना नितीनदादा माझ्याजवळ आला. तो चाकणला कंपनीत असतो, महिन्यातून एकदा यायचा. "माझ्या आईचं नाव कुठंतरी लागतंय," तो म्हणाला. "आयुष्यभर ती दुसऱ्याच्या गाडीत उभी राहिली. आता एक कमान तिच्या नावाची होतेय, तर तुला काय त्रास आहे?"

मी म्हणाले, "दादा, कमानीच्या आत त्यांचं काहीच राहणार नाही."

तो पाठ फिरवून गेला. त्याचं दुःख माझ्यापेक्षा मोठं होतं, त्याचा हक्कही. तरी मी माझं वाक्य मागे घेतलं नाही. आजही घेत नाही.

मग सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही नेहमीच्या वेळेला जमलो. अर्ज देऊन झाला होता, फोन करून झाले होते. कुणाला काही सुचत नव्हतं. मी पंच काढला आणि सवयीने एका करंजाच्या नवीन पानाला भोक पाडलं, कारण त्याचा पास संपला होता. मग शेजारच्याला. मग त्याच्या शेजारच्याला. एक बाई म्हणाल्या, "एका पंचाने किती पुरं पडणार?" आणि घरी जाऊन मुलाच्या दप्तरातलं कागदाला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आल्या. थोड्या वेळात सगळ्यांच्या हातात तसली यंत्रं होती, ऑफिसातली, शाळेतली, एक तर दुकानदाराने बिलं लावायला ठेवलेलं. दळवी काका गॅलरीतून बघत होते. ते खाली आले नाहीत, पण त्यांची सून आली. आम्ही काठावरच्या प्रत्येक उंबराला, करंजाला, जांभळाला, हाताशी येईल त्या पानाला भोक पाडत गेलो. दुपारपर्यंत हाताला चीक लागून बोटं एकमेकांना चिकटायला लागली. शेवटी नितीनदादा आला. तो उंबराखाली उभा राहिला आणि वर बघत त्याने विचारलं, "लग्नात आईला हेच मिळालं नव्हतं ना?" मी मान हलवली. त्याने माझ्या हातातून पंच घेतला. फांदी खाली ओढली आणि भोक पाडलं.

सोमवारी मी कामावर सुट्टी टाकली. जेसीबी आला. ड्रायव्हर पाथर्डीकडचा तरुण होता. आम्ही काठावर उभे होतो, फार नव्हतो.

"बाजूला व्हा ओ ताई, बकेट लागंल."

मी बाजूला झाले नाही. त्याने हॉर्न दिला, मग डोकं बाहेर काढून झाडांकडे बघितलं. "ह्या पानांस्नी भोकं कशाची? कीड हाय का?"

"तिकीट आहे ते," मी म्हणाले.

"कशाचं?"

मग मामांनी त्याला सांगितलं. कंडक्टर बाई होती, तिने ही झाडं अशी राखली, भोक असलेलं रोप उपटायचं नाही. तो ऐकत राहिला. "खाकीतली बाई? पाथर्डी गाडीवर?" त्याने इंजिन बंद केलं. "आमच्या चुलत्याला उतरावलं हुतं एका बाईनं. करडासकट. घरी अजून हसत्यात त्येला." ते तेच करडू होतं की दुसरं, हे विचारायची ती वेळ नव्हती. मामांनी विचारलंच नाही, ते तोंडावर रुमाल धरून उभे होते, हसत होते की काय कळत नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरला, काठाने थोडं चालला, वाकून पानं बघितली. "मंजी ही सगळी तिकीटवाली?"

"सगळी."

त्याने फोन लावला. पलीकडून कोण बोलत होतं माहीत नाही. "साहेब, हितं जागा न्हाई," तो म्हणाला. "न्हाई ओ, खरंच न्हाई. फुल्ल हाय." आणि जेसीबी मागे घेत, बीप बीप करत, गल्लीतून बाहेर गेला.

यात शेवट गोड झाला असं कुणी समजू नये. जेसीबी एकदा गेला, तो दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन येऊ शकतो. भाऊंनी अजून काही रद्द केलेलं नाही. फरशी पुलाजवळ बांबूवर त्यांचा फ्लेक्स उभा आहे, त्यावर काकूंचा ओळखपत्रावरचा रागीट फोटो, खाली कमानीचं चित्र आणि त्यावर "नियोजित स्मृती उद्यान". आम्हाला काही लोक विकासविरोधी म्हणतात. एका गृहस्थांनी माझ्या वडिलांना विचारलं, मुलगी शिकलेली आहे ना, मग गटारात काय करते? वडिलांनी घरी येऊन मला ते सांगितलं आणि वर म्हणाले, पुढच्या रविवारी कुदळ कुठून घ्यायची? तेव्हा भाऊंना, त्या गृहस्थांना आणि ज्यांना काकूंच्या नावाने काहीतरी करायचं आहे त्या सगळ्यांना माझं इथूनच सांगणं आहे. काकूंच्या नावाने काही करायचं असेल तर रविवारी सकाळी या. हातमोजे आणा. बसायला लॉन मिळणार नाही.

फ्लेक्स आम्ही काढला नाही. काकूंचा फोटो आहे, तो कसा काढायचा? शिवाय त्या चेहऱ्यासमोर कुणी कामात कुचराई करत नाही. मागच्या रविवारी मी त्याच्या पायथ्याशी गाजरगवत उपटत होते तेव्हा दिसलं की बांबूवर गुळवेल चढली आहे. कुणी लावलेली नाही, आपोआप आलेली. ती कमानीच्या चित्रापर्यंत पोचली होती आणि तिचं एक कोवळं पान बरोबर "नियोजित"वर टेकलं होतं. मी कमरेचा पंच काढला. तो आता माझ्याकडे असतो. नितीनदादा म्हणाला, डेपोत जमा करायचा नाही. त्याच्या दांड्यावरचा रंग काकूंच्या अंगठ्याने जिथे घासून गेला आहे तिथेच माझाही अंगठा बसतो.

टिक.

पुढं चला.